पावसाळा आणि पंढरीची वाट

दख्खनमध्ये पावसाळा हा फार पूर्वीपासून प्रवास थांबवण्याचा काळ मानला गेला. बौद्ध आणि जैन भिक्षू या दिवसांत वर्षावास करीत, म्हणजे पाऊस सरेपर्यंत एकाच ठिकाणी राहत. संन्याशांनाही चातुर्मासात भ्रमण वर्ज्य होते. आणि मराठ्यांच्या फौजा नद्या भरू लागल्या की छावणी करीत, म्हणजे एका जागी तळ देऊन मुक्कामी राहत, ते दसऱ्याला सीमोल्लंघन करूनच पुन्हा मोहिमेवर निघत. आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू शयन करतो आणि तेथून चातुर्मास सुरू होतो, अशी श्रद्धा आहे. त्या दिवशी पंढरपुरात पोहोचायचे म्हणून वारकरी मात्र ऐन पावसाच्या तोंडावर घर सोडत आला. वारीविषयी लिहिणाऱ्यांनी भक्तीचा आणि समाजरचनेचा विचार पुष्कळ केला, पण तिची शिस्त, तिचे तळ आणि तिच्यातील परस्परांवरील विसंबणे घडवण्यात पावसाचा वाटा किती मोठा आहे, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

पंढरपूरचे माहात्म्य जुने आहे. होयसळ राजा सोमेश्वर याच्या 1237 च्या शिलालेखात या क्षेत्राचा उल्लेख येतो, आणि 1273 ते 1277 या काळातील ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ विठ्ठलमंदिराला दान देणाऱ्यांची नोंद करतो. वारी, म्हणजे ठरलेल्या तिथीला नेमाने केलेली ये-जा, ज्ञानेश्वरांच्या घराण्यातही होती असे संप्रदाय मानतो. तिला पालखी सोहळ्याचे रूप आले ते तुकारामांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांच्यामुळे. त्यांनी 1685 मध्ये तुकारामांच्या पादुका पालखीत घालून देहूहून आळंदीला नेल्या आणि तेथून ज्ञानेश्वरांच्या पादुकांसह पंढरपूरची वाट धरली. हे वर्ष शांततेचे नव्हते. औरंगजेब दख्खनमध्ये उतरला होता आणि त्याच वर्षी विजापूरचा वेढा सुरू झाला. पुढे 1695 पासून काही वर्षे त्याची छावणी पंढरपूरपासून फार दूर नसलेल्या, भीमेकाठच्या ब्रह्मपुरीला होती. या मुलखातले पाणी किती अवचित चढते याचा अनुभव खुद्द बादशहालाही आला: 1700 च्या ऑक्टोबरमध्ये माण नदीकाठी खवासपूरला त्याच्या छावणीत रात्री पूर शिरला आणि त्या धावपळीत दुखावलेला त्याचा पाय पुढे कायमचा अधू राहिला. अशा नद्यांच्या मुलखातून, अशा धामधुमीत, पायी चालणाऱ्या निःशस्त्र लोकांनी दरवर्षी एकच तिथी गाठण्याचा नेम धरावा, ही गोष्ट जितकी श्रद्धेची तितकीच धैर्याची होती.

आजच्या ज्ञानेश्वर पालखीची घडी मात्र एकोणिसाव्या शतकातली आहे. सातारा भागातील आरफळ गावचे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. ते आळंदीला येऊन राहिले आणि 1832 च्या सुमारास त्यांनी ज्ञानेश्वरांची पालखी स्वतंत्रपणे नेण्याची प्रथा घातली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले, आणि आजही माउलींचा, म्हणजे ज्ञानेश्वरांचा, अश्व म्हणून ज्या घोड्यावर कोणी बसत नाही तो अंकलीहूनच येतो. दिंडी म्हणजे एका वीणेकऱ्याच्या भोवती टाळकरी, पखवाजी आणि इतर वारकरी यांचा एकत्र चालणारा, एकत्र मुक्काम करणारा समूह. या दिंड्यांना क्रम लागला, पालखीच्या रथापुढे 27 आणि बाकीच्या रथामागे, आणि त्यांच्यावर शिस्त राखणाऱ्या चोपदारांची नजर राहिली. या सगळ्यात लष्करी छावणीची सवय दिसते असे म्हटले जाते, आणि ते पटण्यासारखे आहे. पण फौज ज्या ऋतूत छावणीत बसून राही त्याच ऋतूत ही छावणी रोज उठून पुढे जात होती, आणि भिजलेल्या जमिनीवर हजारो माणसांना संध्याकाळी आपापली राहुटी न चुकता सापडायची तर प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली असणे भाग होते.

वाटेचा भूगोलही विचारात घ्यावा लागतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून निघालेल्या पालख्या पुण्यापर्यंत सह्याद्रीच्या पावसाच्या टप्प्यात असतात. दिवे घाट चढून सासवड, जेजुरी करीत नीरा ओलांडली की ज्ञानेश्वरांची पालखी अवर्षणाच्या पट्ट्यात उतरते. पुण्याला वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तर फलटण–माळशिरसकडे तो 500 च्या आसपास येतो. म्हणजे चालणारा ओल्या मुलखातून कोरड्या मुलखाकडे जातो, आणि पुढच्या गावांचे डोळे त्याच्याइतकेच ढगांकडेही लागलेले असतात. त्यातून तिथी चांद्रमासाने ठरते, तर शेतकरी पेरणीचा अंदाज सूर्याच्या नक्षत्रांवर बांधतो. त्यामुळे मृग नक्षत्र 7–8 जूनला लागत असले, तरी एकादशी कधी 29 जूनला येते, जशी 2023 मध्ये आली, तर कधी 17 जुलैला, जशी 2024 मध्ये. पहिल्या प्रकारच्या वर्षी पेरणी व्हायची असतानाच निघावे लागते, म्हणून घरातील एकाने वारी करायची आणि दुसऱ्याने तिफण धरायची अशी वाटणी होते, किंवा पेरणी उरकून मधल्या एखाद्या मुक्कामावर दिंडीला गाठले जाते.

पावसापासून बचावाची साधने साधी होती. घोंगडी हे मुख्य साधन. धान्याच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात दुमडून केलेली खोळ हे दुसरे. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टिकच्या कागदाने दोहोंची जागा बरीचशी घेतली. माणसांपेक्षा वाद्ये जपणे अवघड होते, कारण ओलाव्याने पखवाजाची पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो. वीणेलाही गवसणी घालावी लागे. तरीही भजन थांबवले जात नाही, कारण चालीची लय त्यावरच टिकते आणि चिखलात पाय उचलण्याचे बळ बरेचसे त्या लयीतून येते.

मुक्कामावर होणारी समाजआरती ही या सोहळ्यातली विशेष लक्षणीय रचना आहे. पालखी तळावर आली की दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतो आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते आणि चोपदार तिचे म्हणणे ऐकून घेतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पुकार होते आणि मगच आरती होते. पाऊस पडत असला तरी हा क्रम चुकत नाही.

ब्रिटिश काळात आरोग्य खात्याला ही गर्दी पटकीच्या भीतीमुळे खटके. पावसाचे वाहते पाणी विहिरींत आणि नदीत घाण नेते आणि हजारोंचा समूह रोग पुढच्या गावी पोहोचवतो, हे अधिकाऱ्यांचे भय अनाठायी नव्हते. 1906 मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरला पोहोचली आणि कोरड्या डब्यात बसून जाण्याची सोय झाली, तरी पायी वारी आटली नाही. चालणे हाच नेम असल्यामुळे सोयीने तो मोडला नाही.

एकत्र भिजण्याने भेद मिटले, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखात बरोबर चालणारे, बरोबर गाणारे लोक जेवायला जातीप्रमाणे वेगळे बसताना दिसतात आणि लेखिकेला ते सलते. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले झाले ते 1947 च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तोपर्यंत एवढी वाट तुडवून आलेल्या कित्येकांना विठ्ठलाचे दर्शन बाहेरूनच घ्यावे लागत होते, आणि ही वेदना वारीच्या इतिहासाचाच भाग आहे.

आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपूरचा काला झाला की पालख्या परत फिरतात. ही परतवारी फारच थोडे लोक करतात, बहुतेक वारकरी पूर्वी गाडीबैलाने आणि आता एसटीने गावी जातात. जाताना जे अंतर अडीच आठवड्यांच्या आसपास कापले जाते, ते येताना दहा-अकरा दिवसांत उरकायचे असते, आणि ते बहुधा अधिक पावसात, कारण आषाढाचा उत्तरार्ध आलेला असतो. स्वागताच्या कमानी नसतात, अश्व धावतो ती रिंगणे नसतात, वाटेवर अन्नदानाचे मांडव तुरळक असतात. तरीही पादुकांना आळंदीला परत पोहोचवायचेच असते, म्हणून थोडी माणसे रोज लांब पल्ला चालून आषाढ वद्य एकादशीच्या सुमारास आळंदी गाठतात.