मागून येणाराचें कर्तव्य

एकाच दिशेनें जाणाऱ्या दोन वाहनांपैकीं मागचें वाहन पुढच्यास ओलांडून जाऊं लागलें म्हणजे त्या क्षणापुरता एक लहानसा न्यायनिवाडाच रस्त्यावर होत असतो. पुढें चालणाराला मागचें दिसत नाहीं. मागून येणाराला पुढचें सर्व कांहीं दिसत असतें. अशा वेळीं सावधगिरीची जबाबदारी मुख्यत्वें कोणावर असावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला तरी त्याच्या उत्तरावर हजारों माणसांचा जीव अवलंबून राहिला आहे. इंग्लंडांत हें उत्तर गेल्या दीडशें वर्षांत कसकसें बदलत गेलें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे; आणि रस्त्याच्या डाव्या बाजूनें वाहन चालविण्याचा नियम भारतानें ज्या देशाकडून घेतला त्याच देशाचा तो असल्यामुळें येथील वाचकांना तो परका वाटण्याचें कारण नाहीं.

ज्या यंत्रावरून हा वाद उत्पन्न झाला त्याचा आरंभ अगदीं निरुपद्रवी होता. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल फॉन ड्राइस यानें दोन चाकें एकामागें एक बसवून, पायांनीं जमीन रेटीत चालण्याचें एक लांकडी यंत्र तयार केलें. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें त्याच्या पुढच्या चाकाला पायडलें लागलीं. आणि १८७० नंतर, पुढचें चाक माणसाच्या छातीएवढें व मागचें अगदीं चिमुकलें, अशी उंच सायकल इंग्लंडांतील तरुणांच्या हातीं आली. ही गाडी घोडागाडीला सहज मागें टाकी. आजवर रस्त्याचा राजा म्हणून मिरविणाऱ्या कोचमनाला, कोणी पोरसवदा मनुष्य आवाज न करितां मागून यावा आणि पुढें निघून जावा, हें सहन होईना. १८७६ सालीं सेंट ऑल्बन्सच्या प्रवासी गाडीच्या हांकणारानें एका सायकलस्वारावर चाबूक ओढला, आणि गाडीवरील रक्षकानें दोरीला बांधलेला लोखंडी गोळा त्याच्या चाकांत फेकून त्यास खालीं पाडलें. दोघांनाही दंड झाला. परंतु रस्ता कोणाचा, हा झगडा यापुढें मिटावयाचा नव्हता.

कायद्याचें लक्षही प्रथम सायकलस्वाराकडेच गेलें. १८७९ सालच्या टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यांत, १८३५ च्या रस्तेविषयक कायद्यांतील बेफामपणें गाडी हांकण्याचें कलम सायकलीसही लागू पडतें, कारण सायकल ही एक गाडीच होय, असा निर्णय वरिष्ठ न्यायालयानें दिला. सायकलीला गाडी ठरविण्यांत आलें तें शिक्षा देतां यावी म्हणून. पण गाडी ठरल्यामुळें गाडीचा हक्कही तिला हळूहळू प्राप्त झाला. १८८८ च्या स्थानिक कारभाराच्या कायद्यांत पार्लमेंटानें ही गोष्ट स्पष्ट शब्दांत मान्य केली. त्याच कलमांत दोन अटी होत्या. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वीं एक तासापर्यंत सायकलीला पुढें उजेड पाडणारा दिवा असावा, ही पहिली. आणि कोणत्याही गाडीस, जनावरास किंवा पादचाऱ्यास मागून येऊन ओलांडण्यापूर्वीं योग्य अंतरावरून घंटा, शिटी वा अन्य आवाज करून पुरेसा इशारा द्यावा, ही दुसरी. ही दुसरी अट नीट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या काळीं वेगानें मागून येणारा तो सायकलस्वार होता. म्हणून काळजी घेण्याचा भार त्याच्यावर पडला. तत्त्व न्यायाचेंच होतें.

मध्यंतरीं सायकलीचें स्वरूपही पालटलें होतें. १८८५ सालीं कॉव्हेन्ट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यानें दोन्ही चाकें सुमारें सारख्या आकाराचीं असलेली ‘रोव्हर’ सायकल काढली. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें हवेच्या धांवेचा हक्क नोंदविला. सायकल आतां साहसी तरुणांपुरती न राहतां स्त्रियांची, कारकुनांची व कामगारांचीही झाली. १८७८ सालीं स्थापन झालेला सायकलप्रवाशांचा संघ आणि त्याच वर्षीं निघालेली सायकल शर्यतींची मध्यवर्ती संस्था, या दोहोंनीं मिळून १८८६ सालीं रस्तेसुधारणेसाठीं एक मंडळ काढलें. धोक्याच्या उतारांवर सूचनेचे फलक लावण्याचें कामही प्रथम या संस्थांनींच आपल्या खर्चानें केलें. मोटारींना पुढें जे चांगले रस्ते आयते मिळाले त्यांच्यासाठीं पहिली ओरड सायकलस्वारांनीं केली होती, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मरणांत गेली आहे.

मोटार आली आणि पारडें फिरलें. १८६५ च्या कायद्यानें यांत्रिक गाड्यांना गांवांत ताशीं दोन व बाहेर चार मैलांची मर्यादा घातली होती. १८९६ सालीं ती उठून कायद्यानें चौदा मैलांपर्यंतच्या वेगाला वाव मिळाला. १९०३ च्या कायद्यानें वीस मैलांची मर्यादा ठरली व मोटारींची नोंदणी सक्तीची झाली. १९३० च्या कायद्यानें तर खाजगी मोटारींवरील वेगाची मर्यादा अजिबात काढून टाकली. सायकलस्वार, जो कालपर्यंत मागून येणारा होता, तो आतां पुढें चालणारा, मंद आणि उघड्या अंगाचा पथिक ठरला. १८८८ चें तत्त्व कायम ठेवावयाचें तर काळजीचा भार आतां मोटार हांकणारावर जावयास हवा होता. प्रत्यक्षांत तो सर्वस्वीं तसा गेला नाहीं.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे मागच्या दिव्याचा वाद होय. पहिल्या महायुद्धाच्या काळांत सायकलीच्या मागें तांबडा दिवा लावण्याची सक्ती झाली होती. युद्धानंतर ती उठली. १९२७ च्या कायद्यानें मागें तांबडा दिवा किंवा निदान प्रकाश परत फेंकणारी तांबडी कांच असावी, असें ठरलें. १९३४ च्या कायद्यानें मागील मडगार्डावर पांढरा पट्टाही मागितला. सायकलप्रवाशांच्या संघानें आणि १९२० ते १९४५ पर्यंत त्याचे चिटणीस असलेले जी. एच्. स्टॅन्सर यांनीं सक्तीच्या दिव्याला चिकाटीनें विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, आपल्या दिव्याच्या उजेडांत जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यांत थांबतां येईल अशाच वेगानें मोटार चालवावी. पुढच्या माणसावर आदळण्याची जबाबदारी पुढच्याच माणसावर ढकलूं नये. व्यवहारदृष्ट्या अंधारांत दिवा असलेला बरा, हें कोणीही कबूल करील. आणि दुसऱ्या महायुद्धांतील काळोखांत सक्ती झाल्यावर १९४५ सालीं ती कायमही झाली. तथापि स्टॅन्सर यांना वाटणारी भीति पोकळ नव्हती. दिवा नसला म्हणजे दोष मेलेल्याचा, अशी समजूत एकदां रूढ झाली कीं मारणाराच्या वेगाची चौकशी करण्याची निकड उरत नाहीं.

ही चौकशी किती आवश्यक होती हें आंकड्यांवरून दिसून येतें. १९३४ सालीं ब्रिटनमध्यें रस्त्यांवरील अपघातांत ७,३४३ माणसें मेलीं. त्यांत पादचाऱ्यांच्या खालोखाल सायकलस्वारांची हानि मोठी होती. १९३५ पासून वस्तीच्या भागांत ताशीं तीस मैलांची मर्यादा पुन्हा आली. वाहतूकमंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांनीं १९३४ च्या डिसेंबरांत लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूवर सुमारें अडीच मैलांचा, फक्त सायकलींसाठीं राखलेला मार्ग उघडला. संघानें यालाही विरोध केला. कारण मार्ग अरुंद, प्रत्येक आडरस्त्यापाशीं तुटणारा, आणि उद्यां त्याचीच सक्ती करून सायकलींना मुख्य रस्त्यावरून हुसकून लावण्यांत येईल, अशी शंका होती. १९३९ सालीं लॉर्ड ॲलनेस यांच्या समितीनें खरोखरीच तशा सक्तीची शिफारस केली; पण महायुद्ध सुरू झालें आणि ती तशीच राहिली. उलट नेदरलंड्समध्यें, १९७१ सालीं सुमारें ३,३०० माणसें रस्त्यांवर मेलीं व त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं, तेव्हां आईबापांनींच चळवळ उभारली, आणि पुढें तेथें रुंद, सलग व स्वतंत्र सायकलमार्गांचें जाळें झालें. मार्ग वेगळे करण्याची कल्पना वाईट नव्हती. इंग्लंडांत ती अर्धवट राबविली गेली.

जेथें वेगळा मार्ग नाहीं तेथें प्रश्न अंतराचा येतो. सायकल स्वतः उभी राहत नाहीं. तोल ज्या बाजूला जाईल त्या बाजूला हँडल किंचित् वळवून स्वार तिला सांवरीत असतो. त्यामुळें तिचा माग नेहमीं थोडा नागमोडी असतो, आणि गति मंद असली किंवा चढ लागला कीं ही नागमोड वाढते. त्यांत खड्डा, गटाराची जाळी, उभ्या मोटारीचें अकस्मात् उघडणारें दार, यांपैकीं कांहींही चुकवावें लागलें तर स्वाराला हात दोन हात बाजूला सरावेंच लागतें. मोठी मालमोटार लगटून गेली असतां हवेचा लोट त्याला प्रथम बाहेर ढकलतो व मग आंत ओढतो. धक्का न लागतांही मनुष्य पडतो, तो असा.

हें ओळखून अनेक देशांनीं अंतरच आंकड्यांत सांगितलें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यानें १९७३ सालीं तीन फुटांचा नियम केला. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंडनें २०१४ पासून ताशीं साठ किलोमीटरपर्यंत एक मीटर व त्यापुढें दीड मीटर अंतर ठरविलें. जर्मनीनें २०२० सालीं गांवांत दीड व गांवाबाहेर दोन मीटर अंतर बंधनकारक केलें. ब्रिटनच्या रस्तेसंहितेंत २९ जानेवारी २०२२ पासून ताशीं तीस मैलांपर्यंत निदान दीड मीटर, आणि वेग अधिक असल्यास त्याहून जास्त जागा सोडावी, असें लिहिलें गेलें. शिवाय ज्याच्या हातून अधिक इजा होऊं शकते त्याच्यावर अधिक जबाबदारी, हें तत्त्वही तींत आलें. १८८८ चा न्याय असा पुष्कळ फेरा घेऊन परत आला.

नियम झाला तरी तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्याचे प्रयत्नही झाले. बाथ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनीं सायकलीवर अंतर मोजणारें यंत्र बसवून दोन हजारांहून अधिक वेळां मोटारी किती जवळून जातात तें नोंदलें. डोक्यावर शिरस्त्राण असतां मोटारी सरासरीनें थोड्या अधिक जवळून जातात, असा निष्कर्ष त्यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केला. या निष्कर्षावर पुढें पुष्कळ वाद झाला. पण अंतर मोजतां येतें, ही गोष्ट मात्र सिद्ध झाली. वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनीं २०१६ सालीं साध्या वेषांतील शिपायास सायकलीवर धाडलें, त्याला लगटून जाणाऱ्या चालकांस पुढें अडविलें, आणि जमिनीवर जाजम पसरून किती जागा सोडावयास हवी होती हें त्यांना प्रत्यक्ष दाखविलें.

महाराष्ट्रांत हा विषय परका नाहीं. पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. आज तेथील रस्ते पेट्रोलच्या दुचाक्यांनीं आणि मोटारींनीं व्यापले आहेत, आणि कामावर जाणारा मजूर, पहाटे वर्तमानपत्रें टाकणारा मुलगा, शाळेला निघालेली मुलगी, हे सायकलस्वार त्याच गर्दींतून वाट काढीत असतात. भोंगा वाजविला म्हणजे कर्तव्य संपलें, अशी समजूत येथें फार पसरली आहे. मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या अक्षरांना महाराष्ट्रांत २०१५ सालीं बंदी झाली ती याच संवयीला आळा बसावा म्हणून. आवाजानें इशारा मिळतो, जागा मिळत नाहीं. आणि एकाएकीं कानाशीं वाजलेला भोंगा स्वाराचा तोल घालवूं शकतो.

दीड मीटर म्हणजे सुमारें पांच फूट. तेवढी जागा नसेल तर मागें थांबावें, एवढेंच करावयाचें असतें. ताशीं पंधरा किलोमीटर वेगाच्या सायकलीमागें शंभर मीटर चालावें लागलें तर चोवीस सेकंद लागतात. ताशीं चाळीसच्या वेगानें नऊ लागले असते. म्हणजे मोटार हांकणाराचें नुकसान पंधरा सेकंदांचें होय.