हंगाम, पाटी आणि वजीर : खो-खोच्या नियमरचनेचा एक अभ्यास

'हंगाम' हा फार्सीतून मराठीत आलेला शब्द वऱ्हाडात मुख्यतः शेतीशी आणि व्यापाराशी निगडित राहिला आहे. बुलढाणा जिल्ह्यात तर तो कापसाशी जोडला गेला. जलंबहून खामगावपर्यंत १८७० साली लोहमार्गाची शाखा नेण्यात आली ती खामगावच्या कापूस-बाजारासाठीच. आणि त्या बाजाराचे वर्ष हंगामाने मोजले जाई. ह्या अर्थाने हंगाम म्हणजे ठरावीक काळी, ठरावीक स्थळी पुनःपुन्हा येणारी कामाची घाई होय. त्यात काळाइतकेच स्थळालाही महत्त्व आहे.

क्रीडाक्षेत्रात हाच शब्द आता व्यावसायिक स्पर्धांच्या वार्षिक आवर्तनासाठी वापरला जातो. ('पर्व' हा त्याचा वृत्तपत्री पर्याय होय.) परंतु ह्या एका शब्दाखाली दोन भिन्न संस्था वावरत आहेत, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. फ्रान्समधील व्यावसायिक हँडबॉल लीगचा हंगाम शरद ऋतूच्या आरंभी सुरू होऊन ग्रीष्मारंभी संपतो. माँपेलिए, नाँत, नीम, शाँबेरी अशा नगरांचे क्लब त्यात एकमेकांना एकदा आपल्या घरी बोलावतात आणि एकदा दुसऱ्याच्या घरी जातात. तेथे नगर हा हंगामाचा घटक आहे. भारतात मात्र खो-खोच्या पहिल्या व्यावसायिक लीगचा, म्हणजे 'अल्टिमेट खो खो'चा, पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ अशा बावीस दिवसांत पुण्याच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात एकाच छताखाली उरकला. पुढे जून २०२३ मध्ये जयपूर येथे झालेल्या आणि महाराष्ट्र आयर्नमेन ह्या संघाने जिंकलेल्या प्रीमियर हँडबॉल लीगची रचनाही अशीच एकस्थळी होती. अशा हंगामाने खो-खो ह्या खेळाचे नियम, त्याची परिभाषा आणि त्याची भूमी ह्यांवर काय परिणाम केला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

खो-खो हा 'मातीतला' खेळ म्हणून त्याचे रूप अनादि व अपरिवर्तनीय मानण्याची प्रवृत्ती आढळते. ती इतिहासाला धरून नाही. गावोगावी निरनिराळ्या रीतीने खेळल्या जाणाऱ्या ह्या खेळाला लिखित नियमांची चौकट पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली दिली. बडोद्याच्या जिमखान्याने १९२४ च्या सुमारास आपली नियमावली प्रसिद्ध केली, आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ साली सुधारलेले नियम छापले. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली. म्हणजे आज ज्याला आपण 'रूढ' खो-खो म्हणतो, तोही समित्यांनी बसून घडविलेला खेळ आहे. नियम बदलले एवढ्याच कारणासाठी २०२२ च्या लीगला दोष देणे म्हणूनच सयुक्तिक ठरत नाही. प्रश्न नियमबदलाच्या दिशेचा आहे.

पहिल्या नियमकारांचे विशेष असे की त्यांनी परिभाषेसाठी बोलीतील शब्दच घेतले. खांब, पाटी, चौक, गडी, पळती, हुलकावणी, साखळी हे शब्द शेतकऱ्याला, सुताराला आणि शाळकरी मुलाला आधीच ठाऊक होते. 'सूर' हा शब्द तर विहिरीत किंवा नदीत उडी घेणाऱ्या पोहणाऱ्याकडून आलेला आहे. शरीर आडवे झोकून देण्याची क्रिया त्यात जशीच्या तशी दिसते. स्वतः 'खो' ह्या शब्दाने तर मैदानाबाहेरही बस्तान बसविले आहे. 'खो देणे' म्हणजे आपल्यावरील काम दुसऱ्याकडे सोपविणे, आणि 'कामात खो घालणे' म्हणजे विघ्न आणणे. एकाच एकाक्षरी शब्दाने सहकार्य व अडथळा हे दोन्ही अर्थ वाहावेत, हे खेळाच्या रचनेशी सुसंगतच आहे. कारण बसलेल्या गड्याला उठविणारा खो हाच पळणाऱ्याचा मार्ग अडवितो.

परिभाषेप्रमाणेच मैदानही सर्वांच्या आवाक्यातले होते. सत्तावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद जागा, दोन लाकडी खांब आणि चुन्याच्या रेषा एवढ्या साहित्यावर नऊ-नऊ गड्यांचा सामना होतो. बुलढाणा जिल्ह्याचे 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव ह्या भागांत काळी कसदार जमीन आहे. ती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घाटावर चिखली, मेहकर, लोणार ह्या बाजूस पुष्कळ ठिकाणी मुरमाड माळ लागतो. पहिल्या ठिकाणी मुरूम पसरून आणि दुसऱ्या ठिकाणी माती चाळून, पाणी मारून मैदान तयार करता येते. दोन्ही ठिकाणी खेळ एकच राहतो, कारण १९३५ च्या परंपरेतील नियम भूमीविषयी फारसा आग्रह धरीत नाहीत.

आता २०२२ च्या हंगामाकडे पाहू. भारतीय खो-खो महासंघाच्या सहकार्याने आणि उद्योगपती अमित बर्मन ह्यांच्या पुढाकाराने ही लीग उभी राहिली. गुजरात जायंट्स, तेलुगू योद्धाज, चेन्नई क्विक गन्स, मुंबई खिलाडीज, राजस्थान वॉरियर्स आणि ओडिशा जगरनॉट्स अशा सहा संघांत चौतीस सामने झाले. दूरचित्रवाणीच्या चौकटीत बसावे म्हणून मैदान बावीस मीटर लांबीपर्यंत आखडण्यात आले, मैदानातील खेळाडू नवाऐवजी सात झाले, आणि नऊ मिनिटांची पाळी सात मिनिटांवर आली. गुणपद्धतीतील बदल अधिक मूलगामी होता. रूढ नियमांत गडी कसाही बाद झाला तरी एकच गुण मिळतो. लीगमध्ये साध्या स्पर्शाला दोन, आणि सूर मारून किंवा खांबावरून झेपावून बाद केल्यास तीन गुण ठरले. शिवाय दिशेचे व मध्यपाटीचे बंधन नसलेला 'वजीर' हा नवा गडी आला, आणि 'पॉवरप्ले'च्या काळात असे दोन वजीर खेळविण्याची मुभा मिळाली.

ह्या नव्या संज्ञांची परीक्षा भाषिक दृष्टीने केली असता त्या एका जातीच्या नाहीत असे दिसते. 'वजीर' ही संज्ञा मराठी मनाला सहज पटते. मराठी बुद्धिबळात कोणत्याही दिशेने जाणारे मोहरे वजीरच आहे, आणि त्यामुळे नियम न सांगताही अर्थ उमगतो. 'पॉवरप्ले' ही क्रिकेटमधून उचललेली आहे. ती खेळाचे वर्णन करीत नाही, प्रेक्षकाच्या परिचयाचा फायदा घेते. 'स्काय डाइव्ह' ही संज्ञा मात्र सुराची जागा घेते आणि त्याचा अर्थही बदलते. सूर म्हणणाऱ्याची नजर शरीर जेथे पडणार त्या भूमीकडे असते. स्काय डाइव्ह म्हणणाऱ्याची नजर आकाशाकडे असते. हा फरक केवळ शब्दाचा नाही. मुरमाच्या मैदानावर सूर मारणाऱ्याची कोपरे व गुडघे सोलून निघतात. म्हणून रूढ खेळात सूर हा निरुपायाचा किंवा धाडसाचा उपाय होता. मॅटवर तो तुलनेने निर्धोक आहे, आणि नव्या नियमांत त्याला दीडपट मोल आहे. मॅट लीगच्या आधीही काही स्पर्धांत आली होती हे खरे. पण तिच्यावरील कौशल्याला अधिक गुण देण्याचा नियम लीगने केला. अशा रीतीने भूमीविषयी मौन पाळणाऱ्या नियमावलीच्या जागी विशिष्ट भूमीला बक्षीस देणारी नियमावली आली.

पहिल्या हंगामाचा अंतिम सामनाच ह्याची साक्ष देतो. ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजचा ४६-४५ असा एका गुणाने पराभव केला, आणि अखेरच्या क्षणी निकाल फिरविला तो सूरज लांडे ह्याने घेतलेल्या तीन गुणांच्या सुराने. त्या सुराला साध्या स्पर्शाइतकेच दोन गुण असते, तर दोन्ही संघ बरोबरीत राहिले असते.

खेळाचे असे स्थलांतर अपूर्व नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. त्याच ऑलिंपिकमध्ये हँडबॉलचा प्रथमच समावेश होता. पण तो गवतावर, अकरा-अकरा खेळाडूंनी खेळावयाचा हँडबॉल होता. उत्तर युरोपातील दीर्घ हिवाळ्यामुळे सात खेळाडूंचा, सभागृहातील प्रकार तेथे बळावत गेला. मैदानी हँडबॉलची पुरुषांची अखेरची विश्वविजेतेपद स्पर्धा १९६६ साली झाली, आणि १९७२ साली म्यूनिकला हँडबॉल ऑलिंपिकमध्ये परतला तो सभागृहातील खेळ म्हणून. अकरांचा खेळ जवळजवळ नामशेष झाला, तरी हँडबॉल क्षीण झाला नाही. फ्रान्समध्ये राष्ट्रीय लीग स्पर्धा १९५२ पासून चालू आहे, तर व्यावसायिक लीगची संघटना २००४ मधील आहे. मधल्या अर्धशतकात नगरपालिकांनी बांधलेल्या सभागृहांत लहान गावांतील क्लब खेळू लागले होते. तेथे छप्पर आधी गावात आले आणि लीग मागाहून आली. खो-खोच्या बाबतीत क्रम उलटा आहे.

ह्या उलट क्रमाचा भार जिल्ह्यांवर पडतो. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भ हा महाराष्ट्राहून वेगळा घटक म्हणून खेळत आला आहे. लीगच्या सहा संघांत विदर्भाचे नाव नाही. खेळाडू मात्र जिल्ह्यांतील मैदानांवरच तयार होतात. पहिल्या हंगामात तेलुगू योद्धाजकडून खेळलेला महाराष्ट्राचा प्रतीक वाईकर जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे झालेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाचा कर्णधार होता, तर महिला संघाचे नेतृत्व प्रियंका इंगळे हिच्याकडे होते. दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळवर विजय मिळविला. पुरुषांनी ५४-३६, महिलांनी ७८-४०. त्या स्पर्धेतही वजीर आणि मॅट होती. म्हणजे बावीस दिवसांच्या हंगामासाठी केलेले नियम अवघ्या अडीच वर्षांत आंतरराष्ट्रीय खेळाचे नियम बनले.

वरील विवेचनावरून असा निष्कर्ष काढता येईल की खेळाचे भवितव्य नियम जुने की नवे ह्यावर ठरत नाही. त्या नियमांना लागणारी भूमी खेळणाऱ्यापर्यंत पोहोचते की नाही, ह्यावर ते ठरते. डेक्कन जिमखान्याचे नियम टिकले, कारण ते कोणत्याही शाळेच्या पटांगणावर उतरू शकले. सभागृहातील हँडबॉल टिकला, कारण सभागृह गावात गेले. मॅट जर तालुक्याच्या गावी पोहोचली नाही, तर एकाच नावाचे दोन खेळ नांदू लागतील, आणि मेहकर किंवा नांदुऱ्याच्या पटांगणावर मुलगा जो खेळ शिकेल तो त्याला पुढे कोठेच खेळावयास मिळणार नाही. मैदानी हँडबॉलच्या खेळाडूंवर हा प्रसंग एकदा येऊन गेला आहे. तो टाळावयाचा तर 'हंगाम' ह्या शब्दाला त्याचा जुना अर्थ परत द्यावा लागेल : ठरावीक काळी आणि ठरावीक स्थळी, आणि ते स्थळ खेळाडूच्या घराजवळचे.