ट्रक रांगेत उभा करताना

१९६६ चा डिसेंबर. ऑस्लोमधल्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर एका टोलनाक्यावर अडकून पडले होते. नाका अर्थात कागदावरचाच. पुलाच्या तोंडाशी टोलनाका, समोर वाहनांची रांग, रांगेत काही ट्रक आणि काही बस. संगणकात नक्कल उभी करण्यासाठी हे त्यांचं लाडकं उदाहरण होतं. ट्रकचं वागणं वेगळं, बसचं वेगळं, पण रांगेत उभं राहता दोघांनाही यायला हवं. म्हणजे आपल्या पुढे कोण आणि मागे कोण, याची नोंद प्रत्येकाजवळ हवी. ती ठेवणारा कोड ट्रकसाठी एकदा लिहायचा आणि बससाठी पुन्हा तोच उतरवून काढायचा, हे दोघांना पटत नव्हतं.

तोडगा निघाला तो असा. फक्त रांगेत जोडलं जाण्यापुरता एक तुकडा वेगळा लिहायचा, त्याला ‘लिंक’ म्हणायचं, आणि ट्रक किंवा बस त्या तुकड्याला चिकटवून दोघांची मिळून एकच वस्तू बनवायची. प्रोग्रामिंगमधला वारसा, म्हणजे आजचं इनहेरिटन्स, तो हाच.

या ट्रकला वरून मिळालेला गुण ‘वाहन असणं’ हा नव्हता. ‘रांगेत उभं राहता येणं’ हा होता. त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक, पुढच्या-मागच्याची नोंद ठेवणारा तयार कोड. दुसरी, बाहेरच्यांना मिळालेली हमी की समोरची वस्तू ट्रक असो वा बस, तिला रांगेत घालता येईल आणि रांगेतून काढता येईल. ऑस्लोमध्ये दोन्हींची एकच गाठ बसली. पुढची जवळपास ५० वर्षं भाषा घडवणारी मंडळी ती गाठ सोडवत राहिली.

न्यूगोर मूळचे संरक्षण संशोधन संस्थेतले. अणुभट्टीच्या आकडेमोडीपासून सुरुवात करून ते ऑपरेशन्स रिसर्चकडे वळले आणि १९६० मध्ये कम्प्युटिंग सेंटरमध्ये आले. कारखान्यातली, रहदारीतली, कार्यालयातली कामं कुठे तुंबतात हे संगणकावर पाहता यावं म्हणून त्यांना स्वतंत्र भाषा हवी होती. डाल यांच्या साथीनं युनिव्हॅक ११०७ यंत्रावर त्यांनी ‘सिम्युला’ उभी केली. १९६६ च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या व्हिलार-द-लान्स इथल्या उन्हाळी वर्गात टोनी होअर यांनी नोंदींचे प्रकार आणि उपप्रकार यांवर व्याख्यानं दिली. तो विचार डोक्यात घोळत असतानाच टोलनाक्याचं कोडं सुटलं.

सुटलं ते शांतपणे मात्र नव्हे. १९६७ च्या वसंतात सेंटरमध्ये नव्यानं लागलेल्या एका व्यक्तीनं घाबरून टेलिफोन ऑपरेटरला सांगितलं की वरच्या मजल्यावर फळ्यापुढे दोन माणसं हातघाईवर आली आहेत. ऑपरेटरबाईंनी बाहेर येऊन क्षणभर कानोसा घेतला आणि सांगितलं, काळजी नको, डाल आणि न्यूगोर सिम्युलावर बोलताहेत. हा किस्सा पुढे न्यूगोर यांनीच नोंदवून ठेवला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ऑस्लोतल्या परिषदेत दोघांनी क्लास, म्हणजे वस्तू घडवायचा साचा, आणि सबक्लास यांवरचा निबंध मांडला. सिम्युला ६७ मध्ये वरच्या क्लासचं नाव खालच्याच्या आधी लिहीत: ‘लिंक क्लास ट्रक’, अशा धर्तीवर. वरच्यानं दिलेली कृती खालच्याला बदलून घेता यावी म्हणून ‘व्हर्च्युअल’ हा शब्दही याच भाषेत आला.

नॉर्वेबाहेर ही कल्पना वेगवेगळ्या वाटांनी गेली. युटा विद्यापीठात ॲलन के यांच्या हाती सिम्युला लागली आणि ते वस्तूंच्या कल्पनेनं भारावले, पण सिम्युलाच्या पद्धतीचा वारसा काही त्यांना रुचला नाही. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत घडलेल्या स्मॉलटॉक-७२ मधून तो त्यांनी वगळलाच. डॅन इंगल्स यांच्या स्मॉलटॉक-७६ मध्ये तो आला. एमआयटीच्या लिस्प यंत्रांवर ‘फ्लेवर्स’ नावाची पद्धत निघाली. तिथे एका वस्तूला अनेक पूर्वज चालत. जोडीला घ्यायच्या छोट्या तुकड्यांना ‘मिक्सिन’ हे नाव पडलं ते जवळच्या सॉमरव्हिलमधल्या स्टीव्हज आइस्क्रीमच्या दुकानावरून. तिथे आइस्क्रीममध्ये आवडीचे जिन्नस घोळून देत.

खरा प्रसार झाला तो ब्यार्ने स्ट्रुस्ट्रुप यांच्यामुळे. केंब्रिजला पीएचडी करताना त्यांनी सिम्युलात प्रोग्राम लिहिला होता. लिहायला सुरेख, पण चालायला इतका मंद, की तो बीसीपीएल या भाषेत पुन्हा लिहावा लागला. बेल लॅब्जमध्ये १९७९ पासून त्यांनी सिम्युलाची रचना आणि सी भाषेचा वेग एकत्र आणायला घेतला. १९८५ मध्ये सी++ बाजारात आली. १९८९ च्या २.० आवृत्तीत अनेक पूर्वजांची सोय झाली आणि तिच्याआड एक शांत बदलही शिरला. एखादी कृती नुसती जाहीर करायची आणि तिच्यापुढे ‘= ०’ लिहायचं; म्हणजे इथे कोड नाही, तो खालच्यानं लिहायचा. हे विचित्र चिन्ह निवडण्याचं कारण स्ट्रुस्ट्रुप यांनी सांगून ठेवलं आहे: त्या घडीला नवा राखीव शब्द मंजूर होण्याची आशाच नव्हती. सगळ्याच कृतींपुढे ‘= ०’ असलेला क्लास वारशात कोडची एक ओळही देत नाही, फक्त हमी घालून देतो.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय पोचला तो याच सी++ मधून. टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर ‘व्हेइकल’पासून ‘कार’ आणि ‘शेप’पासून ‘सर्कल’ काढायचा, प्रिंटआउट जर्नलला लावायची आणि तोंडी परीक्षेत ॲबस्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेस यांतला फरक घडाघडा सांगायचा. या सरावात वारसा म्हणजे वंशावळ अशी समजूत पक्की होते. कार हे वाहनच, म्हणून ती वाहनाच्या खाली. गणितात चौरस हा आयतच, म्हणून तो आयताच्या खाली.

चौरसापाशीच ही वंशावळ अडखळते. आयताची रुंदी बदलली तर उंची जशीच्या तशी राहते, या भरवशावर कुणी कोड लिहिला असेल आणि त्याच्या हाती आयत म्हणून चौरस दिला, तर रुंदीबरोबर उंचीही बदलते आणि हिशेब फिसकटतो. एमआयटीच्या बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये ऑरलँडोच्या ऊप्सला परिषदेतल्या भाषणात नेमका हा भरवसा तपासला. खालचा प्रकार वरच्याच्या जागी ठेवला तरी वापरणाऱ्याच्या प्रोग्रामचं वागणं बदलता कामा नये, ही त्यांची कसोटी. लिस्कोव्ह यांच्या स्वतःच्या ‘क्लू’ भाषेत वारसा नव्हताच.

दुसरी अडचण कोडच्या बाजूची होती. जावा भाषेतल्या संग्रहांची रचना करणाऱ्यांपैकी एक, जॉशुआ ब्लॉक, यांनी २००१ च्या ‘इफेक्टिव्ह जावा’मध्ये ती छोट्या उदाहरणातून दाखवली. ‘हॅशसेट’ या संचाच्या तयार क्लासपासून एक क्लास काढायचा आणि संचात आजवर किती घटक घातले ते मोजायचं. एक घटक घालणारी ‘ॲड’ ही कृती बदलून मोजणीत एक वाढवायचा. अनेक घालणारी ‘ॲडऑल’ बदलून जितके घटक तितके वाढवायचे. मग तीन घटक एकदम घातले की मोजणी दाखवते सहा. कारण हॅशसेटची मूळ ‘ॲडऑल’ आतून ‘ॲड’लाच हाक मारते. हे बाहेरून कळायला मार्ग नाही, आणि पुढच्या आवृत्तीत ते बदलणार नाही याचीही खात्री नाही. जुन्या वाड्यात खालच्या मजल्यावरची भिंत हलवावी आणि वरच्या बिऱ्हाडात तडा जावा, तशी गत. जावाच्या पहिल्या आवृत्तीतच ‘स्टॅक’ हा क्लास ‘व्हेक्टर’चा वारस करून ठेवला होता, त्यामुळे फक्त माथ्यावर ठेवायच्या चवडीत मधेच काहीतरी खुपसायची मुभा आपोआप मिळाली.

तरी गाठ सोडवण्याचं मोठं काम केलं ते जावानंच. सन कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ही भाषा जाहीर केली तेव्हा कोडचा वारसा एकाच पूर्वजाकडून घ्यायचा आणि हम्या हव्या तितक्या द्यायच्या, असा नियम केला. पहिल्यासाठी ‘एक्स्टेंड्स’, दुसऱ्यासाठी ‘इम्प्लिमेंट्स’. कोडशिवाय नुसती हमी मांडणारा तो ‘इंटरफेस’. ही कल्पना ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेतल्या ‘प्रोटोकॉल’वरून घेतली होती. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडेस या चौघांचं ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक त्याच्या आधीच, १९९४ च्या अखेरीस आलं होतं. वारशाऐवजी एका वस्तूनं दुसरी आपल्याजवळ बाळगावी आणि तिच्याकडून काम करून घ्यावं, हा त्यातला सल्ला. पुढे प्रोग्रामिंगवर लिहिणारे ॲलन होलब यांनी लिहिलं आहे की जावा पुन्हा करायची झाल्यास काय बदलाल, असं एका सभेत विचारल्यावर गॉस्लिंग म्हणाले, क्लास काढून टाकेन. खरी तक्रार क्लासबद्दल नसून कोडच्या वारशाबद्दल आहे, असा खुलासाही त्यांनी केला.

नव्या भाषांनी तो धडा गिरवला. २००९ मध्ये गूगलमधून आलेल्या ‘गो’मध्ये क्लासचा वारसाच नाही, इंटरफेस आहेत, आणि लागणाऱ्या कृती ज्याच्याकडे असतील तो घोषणा न करताही इंटरफेसमध्ये बसतो. २०१६ मध्ये १.० आवृत्ती आलेल्या कोटलिनमध्ये क्लास मुळातच बंद असतो. वारस काढू द्यायचा असेल तर ‘ओपन’ असं लिहावं लागतं.

जावाला मात्र पाटी पुसून सुरुवात करता येत नव्हती. ‘कलेक्शन’ या इंटरफेसमध्ये ‘स्ट्रीम’ ही नवी कृती घालायची झाली, तर जगभरात तो इंटरफेस पुरा करणारा एकूण एक क्लास मोडला असता. म्हणून २०१४ च्या मार्चमधल्या जावा ८ मध्ये इंटरफेसलाच ‘डिफॉल्ट’ कोड ठेवायची परवानगी मिळाली. कोड आणि हमी पुन्हा एका छपराखाली आले, पण जरा जपून: इंटरफेसला वस्तूची स्वतःची माहिती साठवता येत नाही. आणि दोन असंबद्ध इंटरफेसकडून एकाच नावाची, त्याच स्वरूपाची डिफॉल्ट कृती आली, तर कम्पायलर कुणाचीच बाजू घेत नाही. तो प्रोग्राम अडवतो आणि ती कृती क्लास लिहिणाऱ्याकडूनच लिहून घेतो.