दिनविशेष : ६ एप्रिल
केरावाचा गिटारवादक

फिनलंडमधील गिटारवादक रोपे लात्वाला याचा जन्म १९७० साली आजच्या दिवशी झाला. हेलसिंकीच्या उत्तरेला, रेल्वेमार्गावरील केरावा या गावाला शहराचा दर्जा मिळाला तोही त्याच वर्षी. १९८५मध्ये याच केरावात यान्ने योउत्सेन्निएमी (गायन व बास), यिरी याल्कानेन (गिटार), पेक्का कसारी (ड्रम) आणि लात्वाला हे चौघे एकत्र आले. बँडचे आधीचे नाव ‘क्रॉस ऑफ आयर्न’, नंतरचे ‘स्टोन’.

त्या काळी थ्रॅश मेटल हा वेगवान रॉकप्रकार म्हटला की सान फ्रान्सिस्कोकडे पाहिले जाई. या मुलांनी तो वेग, ती धारदार गिटार आपल्या गावात उभी केली, आणि तीही कसलीही घाई न जाणवता, कमालीच्या नेटकेपणाने. १९८८मध्ये पहिला अल्बम आला. पुढच्या वर्षीचा ‘नो अ‍ॅनेस्थेशिया!’ तर आजही ऐकावा असा. दोन गिटारींची एकमेकींत गुंतलेली वीण हे त्याचे खरे वैभव. ‘कलर्स’ (१९९०) आणि ‘इमोशनल प्लेग्राउंड’ (१९९१) या अल्बममध्ये वेग कमी झाला, रचना अधिक गुंतागुंतीच्या झाल्या. १९९१मध्येच बँड थांबला. चारच अल्बम, पण फिनिश मेटलची पायाभरणी करणाऱ्यांत स्टोनचे नाव आदराने घ्यावे लागते.

कसारी पुढे ‘अमॉर्फिस’ या बँडमध्ये गेला. स्टोनचे ‘नो कमांड्स’ हे गाणे एस्पो शहरातील ‘चिल्ड्रन ऑफ बोडोम’ या बँडने आपल्या पद्धतीने वाजवले, आणि २००३मध्ये लात्वाला त्याच बँडमध्ये दाखल झाला. तिथे तो २०१५पर्यंत होता.