हात उगारणाऱ्या पुरुषाने जायचे कोठे?

कौटुंबिक हिंसाचाराच्या संदर्भात पीडित स्त्रीने कोठे दाद मागावी, याची माहिती वारंवार दिली जाते. ती आधी दिलीच पाहिजे. परंतु मारणाऱ्या पुरुषाला स्वतःचे वर्तन बदलावयाचे असेल, तर त्याने कोणाचा दरवाजा ठोठवावा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाह झालेल्या १८ ते ४९ वयोगटातील २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. त्या मानाने हिंसा करणाऱ्यांसाठीची व्यवस्था तोकडीच आहे.

महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या कलम १४ नुसार दंडाधिकारी प्रतिवादीला व पीडितेला, एकत्र वा स्वतंत्रपणे, समुपदेशन घेण्याचा आदेश देऊ शकतात. मात्र पुढील सुनावणी दोन महिन्यांच्या आत ठेवावी लागते. नियम १४ अधिक स्पष्ट आहे. मारहाणीचे कोणतेही समर्थन समुपदेशनात ऐकून घेतले जात नाही, हे प्रतिवादीला आधीच सांगावे लागते आणि पुन्हा हिंसा न करण्याची हमी त्याला द्यावी लागते. तरतूद चांगली आहे. पण व्यवहारात समुपदेशन म्हणजे 'समेट' असाच अर्थ अनेकदा घेतला जातो. शिवाय ही वाट पीडितेच्या किंवा तिच्या वतीने केलेल्या अर्जावाचून उघडत नाही. स्वतःहून पुढे येणाऱ्या पुरुषाची या कायद्यात सोय नाही.

परदेशात वेगळी पद्धत रुजली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील डुलुथ शहरात १९८१ मध्ये पोलीस, न्यायालय व महिला संघटनांना एकत्र जोडणारा प्रकल्प सुरू झाला. त्यात पुरुषांचे गट अनेक आठवडे नियमित भेटतात; चर्चा रागाविषयी कमी, पत्नीवर हुकमत गाजविण्याविषयी अधिक असते. ब्रिटनमध्ये व ऑस्ट्रेलियात अशा पुरुषांना स्वतः दूरध्वनी करता येईल अशा सेवा आहेत. चांगल्या कार्यक्रमांत पत्नीशी स्वतंत्र संपर्क ठेवला जातो, कारण पतीच्या प्रगतीचा दाखला एकट्या पतीच्या तोंडून घेणे धोक्याचे ठरते.

मुंबईत पुरुषांनीच १९९३ मध्ये स्थापन केलेली 'मावा' ही संस्था प्रामुख्याने तरुणांमध्ये काम करते. व्यसनमुक्ती केंद्रे दारू सोडवितात. मात्र दारू सुटली म्हणजे हात थांबलाच, असे नव्हे.

पीडित महिलांसाठी हेल्पलाईन : १८१. आपत्कालीन मदत : ११२.