गेटबाहेरची वही

या मालिकेत मी बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचा विषय आहे सावकाराचा परवाना.

माझे वडील नागपूरहून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, त्याच सुमाराची गोष्ट. लहानपणी पगाराच्या दिवशी गेटबाहेर वह्या घेऊन उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. इकडे त्यांना सूदखोर म्हणतात. वडिलांचे एक सहकारी त्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या गेटने, लांबच्या रस्त्याने घरी जायचे.

हा रोग भिलाईपेक्षा जुना. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने देशभरच्या कामगारांची स्थिती तपासली. आपले ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. कर्जवसुलीसाठी कारखान्याबाहेर घेराव घालून बसणं गुन्हा ठरवावा, असं आयोगाने १९३१च्या अहवालात सुचवलं.

तेव्हा दुर्ग जिल्हा मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. तिथे १९३४ साली सावकारी कायदा झाला. प्रत्येक ऋणकोचा वेगळा हिशेब ठेवा, दरवर्षी त्याला लेखी उतारा द्या, असं बंधन सावकारावर आलं. पुढे नोंदणीही सक्तीची झाली. १९३७ साली ऋणकोंच्या संरक्षणाचा कायदा आला. कर्जदाराचा पाठलाग करणं, त्याला धमकावणं, त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या जागी घुटमळत राहणं हा गुन्हा ठरला.

१ नोव्हेंबर १९५६ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, दुर्ग मध्य प्रदेशात राहिलं आणि २००० साली छत्तीसगडमध्ये आलं. नागपूरला आज महाराष्ट्राचा २०१४चा कायदा लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी केली तर त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भिलाईत मात्र नागपुरात झालेले ते जुने कायदे अजून जिवंत आहेत. १९३७च्या कायद्याला इथले पोलीस 'कर्जा ॲक्ट' म्हणतात.

मध्यंतरी ओळखीतला एक ठेका कामगार माझ्याकडे आला. महिना दहा टक्क्यांनी पन्नास हजार घेतले होते. अठरा महिन्यांत नव्वद हजार व्याज भरलं, मुद्दल होतं तेवढंच. पगार बँकेत जमा होतो, म्हणून सावकाराला गेटवर उभं राहायची गरज नव्हती. मुलाचं एटीएम कार्ड आणि दोन कोरे चेक त्याच्याच खिशात होते.

मी विचारलं, "त्याची नोंदणी आहे का?"

तो म्हणाला, "काका, ते कसं विचारणार? सही तर मीच केली आहे."

मंडळी, हीच खरी अडचण आहे. सही केली की आपण आरोपी झालो, असं माणसाला वाटतं. पण हे कायदे सावकाराकडे हिशेब मागतात.

आम्ही ठाण्यात गेलो. तक्रार लिहून घेतली गेली. कार्ड परत मिळालं, खटला अजून बाकी आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ला दिला. म्हणजे वित्त कंपनी असो, सावकार असो की मोबाइलवरचं ॲप, पैसे घेण्याआधी विचारा: नोंद कुठे आहे, रिझर्व्ह बँकेकडे की राज्याकडे? दोन्हीकडे नसेल, तर सही करू नका. कोरा चेक आणि कार्ड तर कुणालाच देऊ नका.

जय हिंद.