अजगराची ऊब

जेवून आडव्या झालेल्या माणसाला आपण म्हणतो, ‘अजगरासारखा पसरलाय.’ मूळ शब्दही तसाच: अज म्हणजे बकरा, त्याला गिळणारा तो अजगर. गिळायचं आणि पडून राहायचं, एवढीच त्याची ख्याती. पण अंडी घातलेली मादी पडून असते, तेव्हा ती नेमकं काय करत असते? या प्रश्नाला एक इतिहास आहे.

भारतीय अजगराची शास्त्रीय नोंद लिनियसनं १७५८ साली केली. पुढे १८३२ मध्ये भारतात राहून आलेल्या लामार-पिको या फ्रेंच प्रवाशानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सांगितलं, की अजगराची मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते आणि त्यांना ऊब देते. अकादमीतल्या विद्वानांना ते पटलं नाही. साप थंड रक्ताचा. जवळ नाही ते देणार कुठून? तर्क बिनचूक होता, फक्त कुणी मादीला हात लावून पाहिला नव्हता.

१८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगराच्या मादीनं अंडी घातली आणि ती त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली. वालेन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञानं वेटोळ्यात थर्मामीटर ठेवला. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खरोखरच जास्त! ही मादी ब्रह्मी अजगराची, म्हणजे आपल्या अजगराच्या सख्ख्या भावकीतली. हे दोन्ही बराच काळ एकाच जातीत धरले जात. २००९ पासून वेगळे मानतात.

पण ही ऊब येते कुठून? त्याचं उत्तर १९६६ साली न्यूयॉर्कमधल्या मोजमापांनी दिलं. हवा गार झाली की मादीचे स्नायू ठरावीक लयीत आखडतात. थंडीत आपण कुडकुडतो, तसंच हे. त्या मादीचं शरीर हवेपेक्षा ४.७ अंश सेल्सिअसपर्यंत गरम राहिलं. या काळात मादी सहसा काही खात नाही. अंगातली साठवण जाळून साधारण दोन महिने बसते. जिला आपण सुस्त म्हणतो, ती खरं तर राबत असते.

म्हणून एक विनंती. बांधावर, बिळात वेटोळं घातलेला अजगर दिसला, तर काठीनं उठवू नका, आणि अंडी तर मुळीच हलवू नका. वनविभागाला कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहेच. पण मादीला हुसकलं, तर अंड्यांची ऊब जाते, आणि ती कुठल्याही कायद्यानं परत येत नाही.